बाबांचा लॅपटॉप, पिवळं 'कॉशन' आणि नवी एसएसडी: आधी काय, मग काय

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. बाबांचा २०१७ सालचा लॅपटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू होऊन कामाला लागायला सात-आठ मिनिटं घेतो. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे सभांची इतिवृत्तं, नोटिसा, टॅलीतले हिशेब सगळं त्यावरच. दुकानदार म्हणतो, "एसएसडी टाकू, फॉरमॅट मारू, दोन तासांत घेऊन जा." (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क.) भाऊ म्हणतो, फॉरमॅट कशाला, क्लोन कर, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, सगळं जसंच्या तसं येतं. बाबा म्हणतात, माझी एकही फाइल जाता कामा नये. ताईंना हे काम घरीच करून बघायचंय. आणि जाता जाता त्यांनी लिहिलंय की क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' आलं, त्याचं काही करायला हवं का?

ताई, ते शेवटचं वाक्य पहिलं यायला हवं होतं. क्लोन की फॉरमॅट हा वाद धडधाकट डिस्कच्या बाबतीत घालायचा. तुमच्याकडे दोन दुखणी एकदम आली आहेत. मशीन हळू आहे, हे एक. आणि डिस्क बहुधा जायच्या वाटेवर आहे, हे दुसरं. पहिल्याला घाई नाही. बाबांनी इतके दिवस सात मिनिटं रोज काढली, आणखी आठवडाभर काढतील. दुसऱ्याला मात्र आहे, आणि त्यामुळे कामाचा क्रम पार बदलतो. नारायण पेठेत बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय, माझ्याकडे रडत आलेली बहुतेक माणसं क्रम चुकल्यामुळे आली होती. हात चुकल्यामुळे फार थोडी.

हळूपणाचं आधी उरकतो. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर क्लिक करा. वर १०० टक्के आणि खाली वाचनाचा वेग जेमतेम १-२ एमबी, असं दिसेल. १०० टक्के पाहून लोकांना वाटतं डिस्क जोरात काम करतेय. प्रत्यक्षात ती नुसती धावाधाव करत असते. लॅपटॉपमधली साधारण डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली ठिकठिकाणाहून मागतं. प्रत्येक फाइलीसाठी हेड सरकणार, मग हवी ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबणार. सेकंदाला असे शंभरेक हेलपाटे झाले की तिचा दम संपला. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. बाबांच्या कामाला तो प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम अजून पुरते, तेव्हा एसएसडी टाकायचं ठरवलंत ते योग्यच.

आता 'कॉशन'. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीतल्या यादीत ०५, सी५ आणि सी६ अशा तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब निघालेल्या जागा डिस्कने स्वतःच्या राखीव जागा वापरून बदलल्या. सी५ म्हणजे ज्या जागा वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय. सी६ म्हणजे तपासूनही दुरुस्त न झालेल्या. समोरचे आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाने मोजायच्या पद्धतीत) असतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६ समजायचं. गिऱ्हाईक फोनवर आकडे वाचून दाखवतं तेव्हा इथे हमखास गोंधळ होतो.

यावरून डिस्क किती दिवस टिकेल हे मी सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवू नका. ०५ मध्ये दहा-वीस असून वर्षानुवर्षं चाललेल्या डिस्का मी पाहिल्यात. सी५ मध्ये सकाळी ८ आणि संध्याकाळी ३०० झालेलीही पाहिलीय. आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, याला मी जास्त महत्त्व देतो. सी५ शून्य नसेल तर तेवढ्या जागांमधलं आज नीट वाचता येत नाहीये, असं धरून चाला. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, चालू होताना ती मध्येच गप्प होत असेल, तर पुढचं काहीही वाचू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. ते घरचं काम नाही.

आवाज नाही, फक्त 'कॉशन' आहे, असं धरून पुढे लिहितो.

दोन गोष्टी करू नका. डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) नको, आणि कोणी 'चेकडिस्क मार', म्हणजे विंडोजकडून डिस्क तपासून दुरुस्त करून घे, म्हणालं तर तेही नको. दोन्हींत डिस्कला बराच वेळ राबवलं जातं, वर तिच्यावर लिहिलंही जातं. थकलेल्या माणसाला पर्वती चढायला लावून 'बघू या दम लागतो का' म्हणण्यासारखं ते आहे. फाइली काढून झाल्यावर हवी तेवढी चेकडिस्क मारा, माझी हरकत नाही.

क्लोनलाही मी याच कारणासाठी नाही म्हणतोय. क्लोन वाईट नव्हे. सुदृढ डिस्क असती आणि विंडोज नीट चालत असतं तर मीच तुमच्या भावाची बाजू घेतली असती. पण क्लोन करणारं सॉफ्टवेअर डिस्क सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओळीने वाचत जातं. त्याच्या लेखी बाबांचं इतिवृत्त आणि विंडोज अपडेटचा जुना कचरा सारखाच. तीन तास डिस्कला राबवून ७० टक्क्यांवर ते खराब जागेशी अडकलं, तर आधीचं सगळं विंडोज आलं आणि बाबांची फोल्डर राहिली, असं होऊ शकतं. मरू घातलेल्या डिस्ककडून आणखी किती वाचून घेता येईल हे माहीत नसतं. मग जे वाचून घ्यायचं ते महत्त्वाच्या क्रमाने घ्यावं. शिवाय तुमची डिस्क १ टीबीची आणि नवी एसएसडी बहुधा ५०० जीबीची. क्लोनझिलासारखं साधन मोठ्यावरून लहानावर जायला सहसा तयारच होत नाही, आणि मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ पासून बंद आहे.

म्हणून नवं विंडोज. फक्त दुकानदार म्हणतो तसं 'फॉरमॅट' नव्हे. जुन्या डिस्कला फॉरमॅट करायचंच नाही. ती जशी आहे तशी काढून ठेवायची आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकायचं. दुकानात सर्रास 'फॉरमॅट मारा' म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की जुनं पुसणं हा कामाचाच भाग आहे.

मग जुन्या विंडोजमध्ये बसून शेवटचं काय काय करायचं? मी गोष्टींचे दोन गट पाडतो. काही गोष्टी नुसत्या फाइली असतात. त्या डिस्क बाहेर काढून केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीने जोडायच्या डबीत) घातली तरी दुसऱ्या मशीनवर मिळतात. काही मात्र जुनं विंडोज चालू आहे तोवरच मिळतात. आजारी डिस्कवर बसून आधी हा दुसरा गट उरकायचा आणि सगळ्यात मोलाची एक-दोन फोल्डर घ्यायची. बाकीचं नंतर.

चालू विंडोजमधूनच मिळणाऱ्या गोष्टींत पहिले ब्राउझरमधले पासवर्ड. क्रोम ते त्या विंडोजच्या खात्याशी बांधून कुलूपबंद ठेवतं, नुसती फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवली तर उघडत नाहीत. बाबांचं गूगल खातं क्रोममध्ये सिंक होतंय का बघा, नसेल तर पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या. ती एक्सपोर्ट केलेली फाइल कुलपाविना असते, काम झालं की पुसा. दुसरं टॅलीचं लायसन्स. ते मशीनशी जोडलेलं असतं, तेव्हा टॅलीत जाऊन आधी 'सरेंडर' करा म्हणजे नव्या विंडोजवर परत घेताना कटकट होत नाही. तिसरं, बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी. 'ॲप्स अँड फीचर्स' उघडून मोबाइलने चार फोटो काढले की झालं. चौथं, 'सेटिंग्ज'मधल्या 'ॲक्टिव्हेशन'मध्ये विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, आणि होम आहे की प्रो, हे लिहून ठेवा. पाचवं, 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर यूईएफआय आहे की लेगसी (मशीन चालू व्हायची नवी पद्धत की जुनी), तेही. आणि डिस्कवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे पूर्ण डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघून घ्या. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय डिस्क काढायची नाही. २०१७ च्या लॅपटॉपवर ते नसण्याचीच शक्यता जास्त. हल्लीच्या नव्या लॅपटॉपवर मात्र मालकाला पत्ता नसताना ते चालू असतं, आणि डिस्क काढून केसिंगमध्ये घातल्यावर कळतं.

आता फाइली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. टॅलीचा डेटा पुष्कळदा त्यात नसतोच, सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो. बाबांच्या नावाची फोल्डर उचलली की सगळं आलं असं समजणारा माणूस इथे फसतो. टॅली उघडून डेटाचा पत्ता त्यातच बघून घ्या. आउटलुक वापरत असतील तर मेल साठवलेली पीएसटी फाइल घ्या. काही लोक थेट सी ड्राइव्हच्या उंबऱ्यावरच 'नवीन', 'नवीन २', 'सोसायटी फायनल' अशा फोल्डर करून ठेवतात. माझा अंदाज, बाबाही त्यातलेच असतील.

आणि फाँट. इथे जरा थांबतो, कारण ही चूक माझ्या हातून झालीय.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांच्या कॉम्प्युटरवर मी नवं विंडोज टाकलं. त्यांनी तीन वर्षं खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप केला होता, चारशेच्या आसपास पानं. मी सगळ्या फाइली नीट काढल्या, परत ठेवल्या, संख्या जुळवली, मशीन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोच ते पहिल्या पानाचा प्रिंट घेऊन उभे. पानाच्या माथ्यावर '॥ श्री ॥' असायला हवं होतं, तिथे टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं, टिंबं आणि उलटी अवतरणचिन्हं. खाली पूर्ण पान तसंच. बिचारे रात्रभर झोपले नव्हते. मला म्हणाले, "व्हायरस ना हा?" व्हायरस नव्हता. मजकूर डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या मराठी फाँटात होता, आणि तो फाँट 'विंडोज'च्या 'फाँट्स' फोल्डरमध्ये होता. ती फोल्डर मी घेतली नव्हती.

युनिकोडच्या (प्रत्येक भाषेच्या अक्षराला आपला वेगळा कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाइलीत खरं तर इंग्रजीचेच कोड साठवलेले असतात, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गेला. मजकूर जागेवरच असतो, एक अक्षर गेलेलं नसतं, पण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सी-डॅकचे आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले फाँट, मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, दोन्ही आपल्या पुण्यातलीच कामं, आणि १९९० नंतरची निदान पंधरा वर्षं महाराष्ट्रातल्या कचेऱ्या आणि छापखाने त्यांच्यावर चालले. सोसायटीची २०१० च्या आधीची इतिवृत्तं त्यातच असणार. तेव्हा 'फाँट्स' फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या, जागा फार लागत नाही. श्री-लिपी डोंगलवर (लायसन्ससाठी मशीनला लावायच्या किल्लीवर) असेल तर डोंगल आणि सीडी घरात कुठे आहे ते आधी शोधा. माझ्या त्या गिऱ्हाइकाचा फाँट जुन्या डिस्कवरून पाच मिनिटांत परत मिळाला, कारण ती डिस्क मी अजून पुसली नव्हती. हे शहाणपण नव्हतं, आळस होता.

बाबा इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहीत असतील तर तेही विचारा. पुष्कळांकडे अजून गूगल इनपुट टूल्सचं ऑफलाइन चालणारं जुनं रूप असतं. गूगलने ते देणं कधीच बंद केलं, नव्या विंडोजवर ते सरळ मिळणार नाही. त्याऐवजी विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेत मराठी घेतलं की मिळतो. पण बोटांना सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्याबद्दल बाबांची बोलणी तुम्हालाच खावी लागतील.

मोलाचं एवढं एका बाहेरच्या ड्राइव्हवर आलं, दुसऱ्या मशीनवर दोन-चार फाइली उघडून बघितल्या, की लॅपटॉप बंद. फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ नंतर.

एसएसडी घेताना फार डोकं लावू नका. लॅपटॉपच्या डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी, ५०० जीबी, नावाजलेल्या कंपनीची, सीरियल नंबर लिहिलेल्या बिलासह. तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० एमबीवर थांबतो आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडीचा तीन हजारांच्या वर जातो, हे खरं. बाबांच्या टॅलीला आणि वर्डला तो फरक जाणवणार नाही. लॅपटॉपमध्ये एम डॉट टू (काडीसारखी एसएसडी बसणारी) खाच असेलही, पण त्या काळातल्या काही मशीनमध्ये ती फक्त साटाचीच काडी ओळखते. एनव्हीएमई आणली तर बसते व्यवस्थित, दिसत मात्र नाही. मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराला, तपकीर गल्लीत, जाणारच असाल तर तिथूनच साटा ते यूएसबी केबल किंवा केसिंगही आणा, पुढे लागणार आहे. एसएसडी घरी आली की तिच्यावरही डिस्कइन्फो चालवा. 'पॉवर ऑन अवर्स' शून्याच्या आसपास हवेत. शेकड्यांत निघाले तर बिल घेऊन परत जा.

विंडोज १० की ११? सातव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. रुफस नावाच्या साधनाने ती अट चुकवून ११ टाकता येतं. माझ्या स्वतःच्या खेळण्याच्या मशीनवर मी टाकलंय. ज्या मशीनवर सोसायटीचं बँक खातं उघडतात त्यावर टाकणार नाही, कारण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे मी आत्ता १० टाकीन, ती मुदत घेईन आणि तोवर पुढच्या लॅपटॉपचा विचार करीन. एसएसडी वाया जात नाही, उद्या केसिंगमध्ये घालून वापरता येते. टॅली आणि श्री-लिपी नसतं तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम सुचवली असती.

लायसन्सची काळजी करू नका. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा, आवृत्ती जुनीच घ्या, होम असेल तर होम. नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. हे मूळचं लायसन्स खरं असेल तर. बाबांना कोणी क्रॅक करून दिलं असेल तर मात्र हे लागू नाही.

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून तो तयार करा. त्यातच लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर घालून ठेवा. विसरलात तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, बहुतेक वेळा चालतं.

उघडताना: चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरी काढा. तळाच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वर कीबोर्डशेजारी टेंगूळ येतं. माझ्या बाकावर बायकोचा जुना मिसळणाचा डबा आहे. सात वाट्या. पुढच्या डाव्या कोपऱ्याचे एकीत, मधले दुसरीत, असं. काही स्क्रू रबराच्या पायांखाली लपलेले असतात. झाकण निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी एखादा स्क्रू राहिलाय का बघा. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेने फिरवलं की क्लिपा 'टक टक' करत सुटतात. स्क्रू ड्रायव्हर घालाल तर प्लॅस्टिक कुरतडलं जाईल. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत चार बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ती चौकट नव्या एसएसडीला चढवायची आणि उलट क्रमाने बसवायची. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीची असेल आणि एसएसडी ७ ची, तर चौकट असल्याने सहसा हलत नाही. हललीच तर एसएसडीच्या खोक्यातली प्लॅस्टिकची पट्टी लावा. सगळं मिळून अर्धा तास.

आता जुनी डिस्क बाहेर आहे. विंडोज पूर्ण बसेपर्यंत ती बाहेरच राहू द्या, यूएसबीनेही जोडू नका. सदाशिव पेठेतल्या एका आर्किटेक्टच्या डेस्कटॉपमध्ये मी नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क आतच ठेवून विंडोज टाकलं. छान चाललं, आठ महिने. मग त्यांनी जुनी डिस्क काढून भाच्याला दिली आणि मशीनने 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणून हात वर केले. विंडोज एसएसडीवरच होतं, पण त्याला उठवणारी शंभर एमबीची बूट पार्टिशन इन्स्टॉलरने आधीपासून असलेल्या जुन्या डिस्कवरच वापरली होती. दोन डिस्का दिसल्या की तो असं करतो. दुरुस्त होतं, पण माझा अर्धा दिवस आणि त्यांचा टेंडरचा दिवस त्यात गेला. शिवाय दोन्ही डिस्का दिसत असताना चुकून जुनीवर 'डिलीट' दाबायचा धोका वेगळाच.

पेनड्राइव्हवरून चालू करताना कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू आणा आणि 'यूईएफआय'ने सुरू होणारी ओळ निवडा. 'कस्टम'मध्ये गेलात की एकच ड्राइव्ह दिसेल, ४६५ जीबीच्या आसपास, 'अनअलोकेटेड'. ५०० चे ४६५ कसे झाले म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ती ओळ निवडून पुढे. पार्टिशन (डिस्कचे भाग) इन्स्टॉलर स्वतः पाडतो. सी आणि डी वेगळे करायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण एवढ्या जागेत एकच बरा, नाहीतर सी भरतो आणि डी रिकामा पडून राहतो. पंधरा-वीस मिनिटांत विंडोज बसतं. नंतरची अपडेट दोन तास खातात, ती चहाच्या वेळात होऊ द्या.

अपडेट झाली की जुनी डिस्क केबलने जोडा आणि उरलेलं आणा. विंडोजने लगेच 'स्कॅन अँड फिक्स' करू का विचारलं तर नको म्हणा. बाबांच्या फोल्डरवर परवानगी नाही असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा. एखादी फाइल अडली तर 'स्किप' करा आणि तिचं नाव लिहून ठेवा, तिथेच हट्ट धरून बसू नका. फाँट बसवा आणि एक जुनं आणि एक नवं इतिवृत्त उघडून बघा. युनिकोडमधल्या फाइली मंगल फाँटात असतील तर अक्षरं दिसतील, पण जरा वेगळी. विंडोज १० मध्ये मंगल सुरुवातीला नसतो, त्याच्या जागी निर्मला येतो. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे जादा फाँट घेतले की मंगल येतो आणि पानांची मांडणी जागेवर बसते. मग टॅली, मग प्रिंटर, आणि डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर.

हे सगळं गुरुवारी काढू नका. महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज घालवतं आणि २०१७ ची बॅटरी अपडेटच्या मध्यात दहा मिनिटंही धरेल असं मला वाटत नाही.

जुन्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवा, तारीख आणि 'पुसू नये' एवढं लिहा, आणि कपाटात ठेवा. तिच्यावर नवं काही साठवू नका. किती दिवस ठेवायची असं लोक विचारतात. तुमच्या बाबतीत सोपं आहे. सोसायटीचं ऑडिट जुलैअखेर होतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. कुठल्या फाइली राहिल्या ते बाबांना त्या सभेच्या आदल्या रात्रीच आठवणार आहे. ती रात्र जाऊ द्या.